तुला हे शोभतं का?

‘रेट्रो बॉलिवूड लुक’ असं फोनवर शोधलं की पहिल्या दहा-बारा चित्रांत एक केशरी साडी हमखास येते. १९६८च्या ‘ब्रह्मचारी’मधली, मुमताजची. अंगाला चापून बसलेली, सोनेरी काठाची आणि एवढं नाचूनही कुठेच न सुटणारी. न सुटण्याचं कारण सोपं आहे. ती नेसलेली नाही, शिवलेली आहे. पार्टीतल्या त्या गाण्यात मुमताजला शम्मी कपूरसोबत मोकळेपणी नाचता यावं म्हणून भानू अथैया यांनी ती आधीच शिवून, चेन लावून दिली होती. आज त्या प्रकाराला ‘मुमताज साडी’च म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या ‘रेडी टू वेअर’ साड्यांची ती आजी आहे असं म्हणायला हरकत नाही.

मला ती साडी फार आवडते. साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या रंगीत सिनेमांमधले कपडे एकूणच आवडतात. पोपटीशेजारी राणी कलर, मोरपंखीवर नारिंगी, पिवळ्याधमक कुर्त्यावर जांभळी ओढणी. आज माझ्या पिढीच्या कपाटात बेज, ऑफव्हाइट, राखाडी आणि काळा एवढेच रंग गुण्यागोविंदाने नांदतात. ‘मिनिमल’ हा शब्द आपण इतका मनावर घेतलाय की ऑफिसच्या लिफ्टमध्ये उभे असलेले सगळे एकाच घरातले पडदे वाटतात. अशा दिवशी घरी येऊन तासभर जुनी गाणी पाहिली की डोळ्यांना कुणीतरी पोटभर जेवू घातल्यासारखं होतं. मी स्क्रीनशॉट काढून ठेवते, लक्ष्मी रोडला गेले की कापडवाल्याला दाखवते. तो फोन हातात घेतो, लांब धरून बघतो आणि म्हणतो, “ताई, हा कलर आता येत नाही.” मग दोन-तीन दुकानं पालथी घातल्यावर कुठेतरी येतोच.

आता हे सगळं हौसेपुरतं ठीक आहे. पण ज्या सिनेमांमधून मी हे रंग उचलते, त्या सिनेमांमध्ये ते कुणाच्या अंगावर आहेत आणि पुढे तिचं काय होतं, हे बघायला लागल्यापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. तो असा की त्या काळी हे रंग अटी घालून दिले जात होते. आपण रंग उचलतो तेव्हा त्या अटी मागे राहतात, की कपड्याच्या आतल्या शिवणीसारख्या सोबत येतात?

मुमताजपासूनच सुरुवात करू. ‘ब्रह्मचारी’ची मुख्य नायिका ती नाही, राजश्री आहे. साठ वर्षं होत आली तरी लोकांच्या लक्षात राहिलेली साडी त्या सिनेमातल्या दुसऱ्या बाईची आहे. हा योगायोग वाटू शकतो, म्हणून आणखी काही स्क्रीनशॉट उघडू.

‘तिसरी मंझिल’ (१९६६) मधली हेलन. क्लबात झालरीचा, स्पॅनिश धाटणीचा ड्रेस घालून नाचणारी रूबी. रेट्रो पार्टीसाठी हा लुक आजही लोकप्रिय आहे. सिनेमात रूबी गोळी लागून मरते. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधली झीनत अमान. गळ्यात माळा, डोळ्यांवर मोठा गॉगल, हातात चिलीम. या लुकची नक्कल झाली नाही असं भारतातलं एकही कॉलेज नसेल. सिनेमात ती जॅनिस शेवटी आत्महत्या करते. ‘पूरब और पश्चिम’ (१९७०) मधली सायरा बानू. सोनेरी केस, आखूड ड्रेस, हातात सिगारेट. ती मरत नाही, पण सुधारते, आणि ती सुधारली हे आपल्याला कळतं ते तिच्या अंगावर साडी आल्यावर.

म्हणजे ज्या बाईच्या अंगावर सगळ्यांत मजेदार कपडे असायचे, तिच्यापुढे साधारण दोनच वाटा असायच्या. एक तर मरायचं, नाही तर कपडे बदलायचे. अपवाद होतेच. आशा पारेख, साधना, शर्मिला टागोर या नायिकाही भरपूर रंगल्या, आणि ‘वक्त’ (१९६५) मध्ये साधनाने घातलेल्या घट्ट चुडीदार-कुर्त्याची देशभर फॅशन झाली. तोही भानू अथैयांनीच केलेला. पण नायिकेला रंग मिळायचा तो सहलीत, काश्मीरमध्ये, प्रेमात पडण्याच्या दिवसांत. लग्न जवळ आलं, दुःख आलं, त्याग आला की साडीचा रंग उतरत जायचा. जितकी सात्त्विक, तितकी फिकी.

या नियमाची मुळं फक्त सिनेमात आहेत असं मला वाटत नाही. आपल्या भाषेतच तो नियम शिवून टाकलेला आहे. ‘शोभणं’ हे क्रियापद बघा. “हा रंग तुला शोभत नाही” आणि “असं बोलणं तुला शोभत नाही”, दोन्हीकडे शब्द तोच. पहिलं वाक्य दिसण्याबद्दल आहे आणि दुसरं वागण्याबद्दल, पण एकातून दुसऱ्यात कधी घुसलो ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. “या वयात शोभतं का हे?” यात वय आलं, रंग आला, चारित्र्यही आलं. तीच गोष्ट ‘भडक’ची. साडी भडक असते, बोलणं भडक असतं आणि मेकअप केलेली बाईही भडक असते. ‘रंगेल’ पुरुषाबद्दल बोलताना लोकांच्या ओठांवर हसू असतं. बाईबद्दल तो शब्द वापरला की हसू गळून पडतं.

आणि सगळ्यांत गंमत ‘सोज्वळ’ची. हा शब्द आला ‘उज्ज्वल’वरून. त्याचा मूळ अर्थ तेजस्वी, झळझळीत. आज आपण सोज्वळ कुणाला म्हणतो? खाली मान घातलेल्या, फिकट साडीतल्या, आवाज न करणाऱ्या नायिकेला. झळझळीत या अर्थाचा शब्द ‘झळझळीत नसलेली’ या अर्थाला येऊन थांबला. यापेक्षा मोठा पुरावा मला तरी सापडत नाही.

रंगाच्या या वाटपात सगळ्यांत कडक नियम होता पांढऱ्याचा. ‘कटी पतंग’ (१९७०) मध्ये आशा पारेख विधवा म्हणून सासरी राहते, पांढऱ्या साड्यांत वावरते. होळीच्या गाण्यात राजेश खन्ना तिला रंग लावतो. त्या काळी ते दृश्य धाडसी वाटलं असणार. पण एक बारीक गोष्ट बघा. ती खरी विधवा नाही. मरणाऱ्या मैत्रिणीला दिलेल्या शब्दापायी ती तिच्या जागी येऊन राहिलेली आहे. तिला हे माहीत आहे आणि प्रेक्षकालाही माहीत आहे. त्यामुळे तिच्या गालाला लागलेला गुलाल प्रेक्षकाला खुपत नाही. नियम मोडल्याचा थरार मिळतो आणि नियम मात्र मोडत नाही. त्याच सिनेमात बिंदूची शबनम क्लबात झगमगत असते, कारण रंग कुणाच्या तरी अंगावर दाखवायचा तर असतोच.

पाच वर्षांनी ‘शोले’त खरी विधवा येते. जया भादुरीची राधा. सिनेमाभर पांढऱ्या साडीत, संध्याकाळी एकेक दिवा विझवत जाणारी. ती पूर्वी कशी होती हे आपल्याला फ्लॅशबॅकमध्ये दिसतं, आणि दिसतं तेही होळीच्या दिवशी, रंगांत न्हालेली, खळखळून हसणारी. तिचं जयशी लग्न व्हावं म्हणून ठाकूर तिच्या वडिलांकडे शब्दही टाकतो. पण जय मरतो आणि खिडकी बंद होते. खोट्या विधवेला रंग मिळाला, खऱ्या विधवेला नाही. हे कुणी ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण लोकांच्या मनाला कुठपर्यंत झेपेल, याचा अंदाज सिनेमावाल्यांना पक्का असतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला बराचसा पटतोही. आक्षेप असा की कपड्यांचे अर्थ कायमचे नसतात. १९६६ साली झालरीचा ड्रेस म्हणजे ‘तसली बाई’ असेल, आज तो नुसता झालरीचा ड्रेस आहे. आज हेलनसारखी नटलेली मुलगी कुणालाही मरणाची धनीण वाटत नाही. उलट खलनायिकेचे कपडे आपण तिच्या शिक्षेपासून सोडवले. याला विस्मरण का म्हणायचं? ही तर मुक्तता झाली.

यात तथ्य आहे. इतकंच काय, ज्याला आपण ‘जुना रंग’ म्हणतो तोही मूळचा असेलच असं नाही. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत ‘ईस्टमनकलर’ लिहून हे सिनेमे विकले गेले, पण त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंट टिकाऊ नव्हत्या. त्यांच्यातला निळसर रंग वर्षांगणिक उडत जातो आणि चित्र लालसर-गुलाबी होत जातं. आपण इंटरनेटवर जे बघतो त्यातलं काही उतरलेलं असतं, काही नंतर संगणकावर दुरुस्त केलेलं असतं. कृष्णधवल सिनेमांची तर बातच वेगळी. ‘श्री ४२०’ (१९५५) मध्ये नादिराने घातलेला भानू अथैयांचा गाऊन कितीही वेळा बघा, पडद्यावर तो राखाडीच आहे. ‘मुघल-ए-आझम’चा मोठा भाग कृष्णधवल होता, तो २००४ साली रंगवला गेला, तेव्हा कुणाला तरी बसून ठरवावं लागलं की अमुक दुपट्टा कुठल्या रंगाचा. म्हणजे प्रेरणा घ्यायला मूळ रंगच हवा असं काही नाही. आपण रंगाची आठवण घेतो आणि आपल्याला हवा तो अर्थ त्यात भरतो.

पण हा अर्थ सगळ्यांच्याच अंगावरून उडतो का? इथे माझं घोडं अडतं.

गुढीपाडव्याला गिरगावात किंवा डोंबिवलीत शोभायात्रा निघते. नऊवारी, नथ, गॉगल, बुलेट. फोटो सुंदर येतात. ऑफिसात मराठी भाषा दिनाला लावणीचा लुक करून येतात, टाळ्या पडतात. हे सगळं छानच आहे. पण तीच घट्ट नेसलेली नऊवारी, तोच शालू, तेच घुंगरू रोज पोटासाठी घालणारी बाई फडावरून उतरून गावात घर भाड्याने मागायला जाते, तेव्हा तिच्याकडे बघणारी नजर वेगळी असते. ‘पिंजरा’ (१९७२) आपण गाण्यांसाठी आठवतो. त्याची गोष्ट काय होती? गावाचे आदर्श मास्तर तमाशातल्या बाईपायी धुळीला मिळतात. संध्याचे कपडे आपल्या लक्षात राहिले, आणि ‘तमाशातल्या बाईपायी’ हे शब्दही समाजाच्या लक्षात राहिले. आपण त्यातले फक्त कपडे घेतले. ते शब्द अजून तिच्याकडेच आहेत.

फरक कुठे आहे? माझ्यासाठी तो लुक आहे. संध्याकाळी घरी येऊन मी तो उतरवू शकते आणि उतरवल्यावर मी पुन्हा ‘मी’ असते. तिने साडी बदलली तरी तिच्यावरचा शिक्का बदलत नाही. जुना अर्थ मेला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो आपल्यापुरता मेलेला असतो.

घरातलं उदाहरण सांगते, कारण हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच टोकदार झाला. मागे आमच्या नात्यातल्या एका लग्नात संगीतला ‘रेट्रो’ थीम होती. ग्रुपवर महिनाभर आधीपासून फोटोंचा पाऊस. कोण हेलन, कोण झीनत, एक भाऊ शम्मी कपूर. माझी मोठी मावशी सत्तरीजवळची आहे. मावसोबांना जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे त्या अख्ख्या हॉलमध्ये हे सिनेमे तिकीट काढून, थिएटरात बसून बघितलेल्या मोजक्या माणसांपैकी ती एक. तिने ग्रुपवर विचारलं, “मी काय घालू गं?” आयोजकांकडून उत्तर आलं, “मावशी, तू काहीही घाल, तुला चालतंय.” सोबत हृदयाचं चित्र.

मावशी मोतिया रंगाच्या साडीत आली. बारीक काठ. तिला कुणी मनाई केलेली नव्हती. आमच्या घरात तसे नियम कुणी पाळत नाही, तोंडाने तर कुणीच बोलत नाही. पण ‘काहीही घाल’ याचा अर्थ ‘तू या खेळात नाहीस’ असा होतो, हे तिला बरोबर कळलं होतं. जुन्या काळात रंग नाकारायला नियम लागायचा. आता नुसतं न विचारणं पुरतं.

मी तिच्याशेजारी बसले होते. नाच बघत ती म्हणाली, “आम्ही कुठे गं असले कपडे घालायचो? आमच्या वर्गात एक मुलगी स्लीव्हलेस घालून यायची. तिला नावं ठेवण्यात आम्हीच पुढे.” मग थोड्या वेळाने स्वतःहून म्हणाली, “आशा पारेखच्या पांढऱ्या साड्या मात्र काय सुंदर होत्या! मी हट्टाने तशी एक घेतली होती कॉलेजात असताना.” मी विचारलं, “आता नाही आवडत पांढरं?” ती म्हणाली, “तेव्हा ती नेसलीच पाहिजे असं नव्हतं ना.”

मावशीच्या या वाक्याने माझं एक कोडं सोडवलं आणि दुसरं तयार केलं. सुटलेलं कोडं हे की प्रश्न रंग विरुद्ध पांढरं असा नाहीच. पांढऱ्याचा दोष नाही. मुमताजला केशरी साडीत शिवणाऱ्या भानू अथैया या मूळच्या कोल्हापूरच्या. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात ज्यांची चित्रं लागली अशा चित्रकार. भारताला पहिलं ऑस्कर त्यांनी मिळवून दिलं, १९८३ साली, जॉन मोलो यांच्यासोबत. आणि कुठल्या सिनेमासाठी? ‘गांधी’साठी. खादी, धोतर, पंचा, पांढऱ्याच्या आणि मळक्याच्या अनेक छटा. ज्या हाताला केशरीची नस सापडली होती, त्याच हाताला पांढऱ्याचीही सापडली. त्यांचीच ‘आम्रपाली’ (१९६६) बघा. अजिंठ्याच्या चित्रांतून उतरल्यासारखी वैजयंतीमाला सिनेमाभर दिसते आणि शेवटी सगळं सोडून बुद्धाच्या वाटेला लागते. तो त्याग तिचा आहे, तिने ठरवलेला. गांधींचा पंचाही त्यांनी ठरवलेला. राधेची पांढरी साडी तिने ठरवलेली नाही.

मग ‘ज्याने त्याने आपापलं निवडावं’ एवढं म्हटलं की झालं? इथे दुसरं कोडं सुरू होतं. डिसेंबर १९२७मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी बोलले. त्यात त्यांनी कपड्यांचा विषय काढला. लुगडं नेसण्याची तुमची पद्धत, अंगावरचे ठरावीक दागिने ही अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती टाकून द्या, असं त्यांचं सांगणं होतं. विचार करा, लुगडं किती वर नेसायचं यावर माणसाची जागा ठरत होती. आणि स्वतः बाबासाहेब? कोट, पॅन्ट, टाय. एका नेत्याने कपडे कमी करून जगाला काही सांगितलं, दुसऱ्याने पूर्ण सूट घालून सांगितलं. दोघांचं सांगणं आपापल्या जागी खरं होतं. पण साधेपणाचा गौरव ज्याच्या वाट्याला येतो, त्याला नटण्याचा हक्क आधीपासून असावा लागतो, हे त्यावरून लक्षात येतं. ज्याला नटूच दिलेलं नाही, त्याच्या साध्या कपड्यांना कुणी साधेपणा म्हणत नाही. गरिबी म्हणतात, नाही तर लायकी म्हणतात.

म्हणून निवड हा शब्द एकट्याने पुरत नाही. मावशीने मोतिया साडी स्वतःच निवडली होती. कपाट उघडून, तिच्या मर्जीने. पण बाकीच्या साड्या नेसल्यावर कोण काय म्हणेल याचा हिशेब कपाट उघडण्याआधीच झालेला होता. मी सकाळी बेज शर्ट निवडते तेव्हाही थोडा हिशेब झालेलाच असतो. मीटिंगमध्ये आपलं बोलणं लोकांनी मनावर घ्यावं असं वाटत असेल, तर पोपटी नको. सावळ्या मैत्रिणीला लहानपणापासून सांगितलेलं असतं की तुला पिवळा खुलत नाही, आणि आता ती स्वतःच म्हणते, मला पिवळा आवडत नाही. गुलाबी शर्ट घालणाऱ्या मित्राला पहिल्या पाच मिनिटांत काय ऐकावं लागतं ते सगळ्यांना माहीत आहे. आवड आपली असते, पण ती घडते लोकांच्या नजरेखाली.

मग कसोटी काय लावायची? मी स्वतःपुरती जिथे पोचले ते असं. एखादा रंग मोकळा झाला की नाही, हे तो घालणाऱ्याच्या हिमतीवरून ठरवू नये. हिंमत लागतेय, याचाच अर्थ तो अजून मोकळा झालेला नाही. रंग मोकळा झाला असं तेव्हा म्हणावं, जेव्हा तो घातला किंवा उतरवला तरी बघणाऱ्याचं त्या माणसाबद्दलचं मत जागचं हलत नाही. केशरी साडीतली बाई आणि मोतिया साडीतली बाई, दोघींवर सारखाच विश्वास टाकला जातो, दोघींना सारखंच घर भाड्याने मिळतं, दोघींना सारखंच विचारलं जातं, “काय घालतेयस उद्या?”

ही कसोटी मान्य केली की जबाबदारीची जागा बदलते. आजवर फॅशनचे सगळे सल्ले घालणाऱ्यांना दिले गेले. आत्मविश्वासाने घाल, लोकांकडे लक्ष देऊ नकोस, तू स्वतःसाठी घालतेस. ऐकायला बरं वाटतं. पण यात सगळं ओझं पुन्हा तिच्यावरच टाकलेलं असतं. ज्यांच्याकडे ती लक्ष देणार नाही त्या लोकांना कुणीच काही सांगत नाही. आणि ते लोक म्हणजे कुणी परके नसतात. एकेकाळी स्लीव्हलेस घालणाऱ्या मुलीला नावं ठेवणारी मावशी आणि आज न विचारल्यामुळे मोतिया साडीत बसलेली मावशी एकच आहे. आपण सगळे आळीपाळीने बघणारे असतो आणि बघितले जाणारे असतो.

नजर अशी एकदम बदलत नाही, हे कबूल. पण बदलताना ती कशाने बदलते याचं एक ताजं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. मे २०२२मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्यानंतर राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. ठरावाने एका दिवसात गावातल्या सगळ्या बायका रंगीत झाल्या असतील असं समजण्याइतकी मी भोळी नाही. पण त्या ठरावाचा रोख मला आवडतो. त्याने विधवांना ‘धीट व्हा’ असं सांगितलं नाही. त्याने गावाला सांगितलं की तुम्ही हे करायचं थांबवा. सिनेमाला ‘शोले’त जे जमलं नाही, त्याची सुरुवात तरी एका ग्रामपंचायतीने केली.

तर मी रेट्रो सिनेमे बघायचं सोडणार आहे का? मुळीच नाही. पुढच्या महिन्यात एक लग्न आहे आणि मला मोरपंखीवर नारिंगी हवंच आहे. पण आता गाणं संपल्यावर मी सिनेमा पुढेही बघते. हा ड्रेस जिने घातला होता तिचं शेवटी काय झालं, एवढं माहीत असावं असं वाटतं. झीनतचा गॉगल लावावा, जरूर लावावा, पण त्या कथेने जॅनिसला जगू दिलं नाही हे माहीत असताना लावला तर तो वेगळा दिसतो. ते नुसतं नटणं राहत नाही. तिला जे मिळालं नाही ते आपल्याला मिळालंय, याची ती थोडीशी पोचपावती होते. याने फॅशनची मजा कमी होते असा माझा अनुभव नाही. एखादी जुनी रेसिपी करताना ती कुणाच्या हातची हे ठाऊक असलं की चव बिघडत नाही, तसंच हे.

आणि दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. थीम ठरली की आधी त्यांना विचारायचं, ज्यांना ‘चालतंय’ म्हणून बाजूला बसवलं जातं. आजी, मावशी, घरी कामाला येणाऱ्या ताई, वजनामुळे कोपऱ्यात फोटो काढून घेणारी मैत्रीण, गुलाबी आवडणारा भाऊ. “काहीही घाल” असं सांगायचं नाही. “कुठला रंग घेऊ तुझ्यासाठी?” असं विचारायचं, आणि उत्तर ‘पांढरा’ आलं तर तोही हौसेने, चांगला बघून आणायचा. उत्तर ‘केशरी’ आलं तर त्या दिवशी आपल्या चेहऱ्यावर, भुवईच्या एका केसावरसुद्धा, आश्चर्य दिसू द्यायचं नाही. एवढंच बघणाऱ्याचं काम. “हे शोभतं का?” असं कुणी कानाशी येऊन कुजबुजलंच, तर कपड्याबद्दल बोलायच्या ऐवजी त्यालाच विचारावं, की बाबा, हा प्रश्न तुला शोभतो का?